उजवा अंगठा, डावा अंगठा

तांबरमच्या नाडी केंद्रात आमचं नाव कुणी विचारलं नाही. गोत्र नाही, पॅन नंबर नाही. मागितला तो फक्त अंगठा. पुरुषांचा उजवा, बायकांचा डावा. अगस्त्य मुनींनी हजारो वर्षांपूर्वी माझं चरित्र ताडपत्रावर लिहून ठेवलेलं असल्यामुळे अंगठ्याच्या रेषांवरून ती पट्टी हुडकायची, एवढंच काम बाकी होतं. चिरंजीव पेरुंगुडीला आयटीत, त्यामुळे चेन्नईतला आमचा मुक्काम लांबलेला. मरीना बीच झाला, टी. नगरातल्या साड्या झाल्या. म्हटलं, आता नाडी. (सौ.च्या पट्टीचं काय झालं ते शेवटी सांगतो.)

जोशीबुवांनी ताडपत्रांचा जुडगा सोडला. शेजारी मोडक्या हिंदीचा दुभाष्या.

“आईच्या नावात ‘श’?”

“नाही.” पट्टी बाजूला.

“दोन भाऊ?”

“हो, दोन.”

“धाकट्याशी बोलणं नाही?”

इथं मी जरा घुटमळलो. बुवांनी पट्टीकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघितलं. मग “जमिनीवरून?” असं हळूच विचारलं. पाऊण तासात साठ-सत्तर प्रश्न झाले असतील. त्यानंतर बुवांनी सूर लावला आणि जुन्या तमिळमध्ये अगस्त्यांनी मला सांगितलं की माझ्या आईचं नाव सुमती, भाऊ दोन, धाकट्याशी वाद, वाद जमिनीचा. मला गहिवरून आलं. हे सगळं पाऊण तासापूर्वी मीच सांगितलं होतं, हे रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर ध्यानात आलं.

चिरंजीव हसले. “बाबा, तुमचा फोन वेगळं काय करतो? अंगठा लावून उघडता. रीलवर तीन सेकंद थांबलात की ‘हो’, वर सरकवलंत की ‘नाही’. पट्टी बाजूला.”

मी फोन उपडा ठेवला. पण त्यालाही कळलं असणार की उपडा ठेवलाय.

नाडीवाल्यांचा धंदाही थेट आजचाच. पहिलं कांड साधारण माहितीचं. विवाह, संतती, आजार यांची कांडं वेगळी, प्रत्येकाचे पैसे वेगळे. आणि मागच्या जन्मीचं पाप फेडायचं तर शांतिकांड, ते तर घ्यावंच लागतं. पूर्वी वाचनाची कॅसेट देत, आता व्हॉट्सॲपवर पाठवतात. फरक एकच. अगस्त्य मुनी माझी पट्टी साबणवाल्याला विकत नाहीत.

तर चिरंजीवांच्या ऑफिसात सध्या एक कपाळपट्टी आली आहे. डोक्याला बांधायची, मेंदूच्या लहरी मोजते, तुमचं लक्ष कामात आहे की डब्यातल्या दहीभातात, ते फोनवर दाखवते. हे म्हणे पहिलंच पाऊल. अमेरिकेत न्यूरालिंक कंपनीने जानेवारी २०२४मध्ये आपली चिप पहिल्यांदा माणसाच्या मेंदूत बसवली आणि मानेखाली लुळा पडलेला तो तरुण नुसत्या विचाराने संगणकावर बुद्धिबळ खेळू लागला. त्याच्यासाठी हे वरदानच, त्यावर विनोद करणाऱ्याची जीभ झडो. पण वरदान मागणारा एक आणि रांगेत पुढे घुसणारे दहा, हे आपण नेहमीच बघत आलोय. पुढचं इंटरनेट म्हणे विचारणारच नाही. “आईच्या नावात ‘श’?” हा प्रश्न डोक्यातल्या डोक्यात उमटेल आणि उत्तर परस्पर निघून जाईल. दुभाष्याची नोकरी गेली.

आणि यात आपण मराठी माणसं मागे नाही बरं का. जगाच्या पुढे होतो. २००८च्या जूनमध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका विद्यार्थिनीला खुनाच्या खटल्यात जन्मठेप दिली, त्यात एक पुरावा तिच्या मेंदूचा होता. डोक्याला इलेक्ट्रोड लावून तिला गप्प बसवलं. वाक्यं वाचली गेली: आर्सेनिक आणलं, प्रसादात घातलं, वगैरे. ती काही बोलली नाही. तिचा मेंदू ‘बोलला’, असं यंत्राचं म्हणणं. जगभरचे मेंदूतज्ज्ञ चकित झाले, कारण ही विद्या इतकी पुढे गेल्याचं त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. पुढे उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला. विष शोधायची सरकारी प्रयोगशाळा या देशात पहिल्यांदा निघाली ती इथंच, मद्रासला, १८४९ साली. तेव्हा बिचारे पोटातलं विष शोधत. डोक्यातलं शोधायला पुणं लागलं.

मग ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या खटल्यात ठणकावलं की नार्को, लाय डिटेक्टर, मेंदूची चाचणी, यातलं काहीही माणसाच्या संमतीशिवाय करता येणार नाही. त्याच्या मनोव्यापारात जबरदस्तीने घुसायचं नाही. २०१७मध्ये नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तिकडे चिलीने २०२१मध्ये मेंदूतल्या माहितीचं रक्षण थेट राज्यघटनेत घातलं, आणि दोन वर्षांनी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एका माजी सिनेटरच्या मेंदूची नोंद पुसून टाकायला एका कंपनीला लावलं. सगळं उत्तम. पण सेल्वीचा निकाल जबरदस्तीविरुद्ध. पोलिसाने डोक्याला तारा लावल्या तर मी थेट दिल्ली गाठीन. चिरंजीवांच्या कंपनीने लावल्या आणि वर स्टेप-काउंट फुकट दिला, तर मीच विचारणार, “जरा घट्ट बसेल का?”

आता मनात काय आहे ते कळण्यापुरतं ठीक होतं. माझी भीती निराळी आहे. वाचता वाचता हे लोक लिहायला लागतात. बुवांनी मला विचारलं, “समुद्राजवळ घर घ्यायचं मनात आहे?” नव्हतं. तेव्हापासून आहे.

तसंच फुग्यांचं. नातीच्या वाढदिवसाला सुनेने जे फुगे आणले त्यांचा रंग धुतलेल्या गोणपाटासारखा. म्हटलं, चेन्नईची पद्धत असेल. त्याच आठवड्यात चिंचवडच्या भाचीने फोटो टाकला. तेच गोणपाट. न्यूजर्सीचा पुतण्या, तेच. तिघांनाही हा रंग ‘मनापासून’ आवडलेला. २०११च्या नोव्हेंबरात चेन्नईच्याच ‘कोलावेरी डी’ या गाण्याने जगाला वेड लावलं, तेव्हा निदान चेन्नईची बोली आपल्या पायांनी जगात गेली होती. आमच्या गल्लीतली पोरं ती मोडक्यातोडक्या उच्चारात म्हणत, पण तमिळ पोरासारखं व्हायला जात नसत. आता जग सगळ्यांच्या घरात येतं, आणि येताना एकच रंग घेऊन येतं.

उलट तंजावरचे भोसले बघा. इथल्या मुलखात सुमारे पावणेदोनशे वर्षं गादीवर राहिले. तमिळ ऐकली, तेलुगूत नाटकं लिहिली. सरफोजीराजांनी १८०३ साली बृहदीश्वराच्या भिंतीवर आपल्या घराण्याचा इतिहास मराठीत कोरवला. केवढा थोरला लेख, पण त्यात काय घ्यायचं आणि काय नाही, ते राजेच ठरवणार. धाकट्या भावाशी वाद आहे का, हे दगडाने राजांना विचारलं नाही.

हं, सौ.ची पट्टी.

तिचा डावा अंगठा घेतला. बुवांनी विचारलं, “यजमानांवर राग आहे?” ती म्हणाली, “बघू.” दुभाष्या माझ्याकडे बघायला लागला. “मुलाकडेच कायमचं राहायचं मनात आहे?” “बघू.” “गुडघेदुखी?” “बघू या.” सोबतीला तिने मानेची अशी काही हालचाल केली की ती होकाराची की नकाराची, हे चाळीस वर्षांत मलाही कळलेलं नाही. बुवांनी एक जुडगा संपवला, दुसरा सोडला. शेवटी घाम पुसत म्हणाले, “अम्मांची पट्टी इथे नाही. वैदीश्वरन कोइलहून मागवावी लागेल. तीन महिन्यांनी या.”

पैसे परत मिळाले. नाडी केंद्रातून पैसे परत घेऊन आलेली बाई मी दुसरी बघितलेली नाही.

परवा चिरंजीव ती कपाळपट्टी घरी घेऊन आले. “आई, तू लावून बघ, झोप किती शांत आहे ते कळेल.” फोनवर प्रश्न आला: तुमच्या मेंदूच्या लहरी आम्हांला वाचू द्याल? खाली दोन बटणं. ‘होय’ आणि ‘आत्ता नको’.

सौ.ने चष्मा पुसला, पुन्हा लावला. “आणि ‘नाही’ कुठंय?”

‘नाही’ नव्हतंच.

ती ‘आत्ता नको’कडे बराच वेळ बघत राहिली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, “अहो, हे तर माझंच उत्तर आहे. यांना कुणी सांगितलं?”

मी काही बोललो नाही. माझा उजवा अंगठा मी खिशात घातला.

“आई, मग सुरू करू का?” चिरंजीव विचारत होते.

“बघू,” ती म्हणाली, आणि कॉफीचं डिकॉक्शन उतरलं का ते बघायला आत गेली.