परवानाधारक ब्रेक

अमेरिकेत मोटरहोममागे मोटार ओढून न्यायची, तीही चारही चाकं रस्त्यावर ठेवून, तर काय काय लागतं ते मला तोंडपाठ आहे. टो-बार. तो अडकवायला सांगाड्याला बोल्टने आवळलेली बेसप्लेट. बार निसटलाच तर धरून ठेवणाऱ्या साखळ्या, मागचे दिवे पेटवणारी वायर आणि आपोआप पेडल दाबणारा वेगळा ब्रेक. टेक्सासच्या भाच्याने हा सगळा संसार जमवला, तेव्हापासून आमच्या पालघरच्या कट्ट्यावर या विषयाचा एकमेव तज्ज्ञ मी. मागच्या मोटारीत कुणी बसतसुद्धा नाही, हे सांगताना मी मुद्दाम थांबतो. लोकांना आश्चर्य वाटायला वेळ द्यावा लागतो.

तर मनोरला सत्कार घेऊन परतताना मासवणच्या पुढे माझी गाडी बंद पडली. मागून बोईसरचा छोटा हत्ती आला. चालवणारा विशीतला.

"टोचन करू, काका."

मी बेसप्लेटपासून सुरुवात करणार, तोवर त्याने डिकीतल्या स्टेपनीशेजारचा लोखंडी हुक काढला, बंपरवरचं झाकण नखाने उचकटलं आणि हुक उलटा फिरवून बसवला. आटे उलटे होते. ते त्याला माहीत होतं. गाडी माझी होती.

दोर मात्र बघत राहावा असा. हिरवा, जाडजूड, सातपाटीच्या बोटीवर नोकरी करून निवृत्त झालेला. नायलॉन ताणला की आधी लांबतो, झटका पोटात घेतो, म्हणून नांगराला तोच बांधतात. साखळी असती तर पहिल्याच हिसक्याला बंपर पुढे आणि मी मागे राहिलो असतो. पॉलिप्रॉपिलीनचा दोर पाण्यावर तरंगतो, नायलॉन बुडतो, आणि ताणलेला नायलॉन तुटलाच तर असा उलटा येतो की समोर कुणी उभं राहू नये. हे सगळं तो गाठ मारता मारता सांगत होता. सातपाटी म्हणजे पापलेट, पापलेट म्हणजे 2023 पासून आपला राज्यमासा. म्हणजे मला ओढणाऱ्या दोराला जवळपास राजघराण्याचा वास होता. एरवी हा वास मी नाक मुरडून घेतला असता. त्या दिवशी मानाने घेतला.

दोर लांबून दिसावा म्हणून त्याला काहीतरी लाल हवं होतं. त्याची नजर माझ्या सत्काराच्या शालीवर गेली.

1989 च्या रस्त्याच्या नियमांत हे सगळं होतं. दोन गाड्यांत पाच मीटरांहून जास्त अंतर नको, दोर इतरांना दिसला पाहिजे, वेग ताशी 24 किलोमीटरच्या आत, आणि मागच्या गाडीच्या चालकाच्या जागेवर परवानाधारक माणूस. म्हणजे बेसप्लेट सोडली तर भाच्याच्या यादीतलं बहुतेक सामान मीच. स्टेअरिंगचं कुलूप पडू नये म्हणून किल्ली फिरवून ठेवलेली, गिअर न्यूट्रल, आणि हात दाखवणारा दिवाही मीच. ओळखीचं कुणी दिसलं की मी ऐटीत गिअरवर हात ठेवत होतो.

वाघोबा खिंडीच्या चढावर माझं काहीच काम नव्हतं. वरती त्याने देवळासमोर थांबून हात जोडले. मीही जोडले, जरा जास्तच वेळ. उतारावर दोर सैल पडू नये म्हणून ब्रेक मागच्याने दाबायचा असतो. पण इंजिन बंद असलं की दोन-तीन दाबांत ब्रेकची मदत संपते आणि पेडल दगड होतं. मी दोन्ही पायांनी उभा राहिल्यासारखा दाबत होतो.

तेवढ्यात एक मोटारसायकल, पुढे टाकीवर लहान मुलगी, सरळ आमच्या दोघांच्या मधल्या फटीत घुसायला वळली. पुढून हॉर्न, खिडकीतून बाहेर आलेला त्याचा अख्खा हात, आणि शाल. मोटारसायकलवाल्याने शाल बघितली, शिवी दिली आणि तो मागे सरला. मुलीने मला टाटा केला. माझे हात स्टेअरिंगवरून निघत नव्हते. कट्ट्यावर मी इतकी वर्षं ब्रेकपासून वायरपर्यंत सगळं सांगितलं, पण दोर दिसला पाहिजे हे एकदाही सांगितलं नाही. त्यात ऐकणाऱ्याला चकित करण्यासारखं काही नव्हतं.

त्यानंतर पालघरपर्यंत त्या पोराचे डोळे आरशातच होते. माझ्याकडे इतकं लक्ष लग्नातही कुणी दिलं नव्हतं.

गॅरेजपाशी त्याने पैसे घेतले नाहीत. शाल झटकून घडी घातली.

"सत्कार कशाचा होता, काका?"

"लेखक आहे मी."

"हां, मग बरोबर," असं म्हणून त्याने हुक डिकीत ठेवला आणि कुठे ठेवला ते मला बोटाने दोनदा दाखवलं.