रामगिरीवरचं संत्रं

आमच्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' ही जवळपास ४,८०० किलोमीटरची सायकल शर्यत एकट्यानं, बारा दिवसांच्या आत पूर्ण केली. त्यावरून स्फूर्ती घेऊन मी सायकलनं रामटेकला जायचं ठरवलं. पन्नासेक किलोमीटर.

"ते डॉक्टर आहेत," बायको म्हणाली, "तुम्हाला डॉक्टर लागेल."

मुहूर्त आषाढाच्या पहिल्या दिवसाचा. कालिदासाच्या यक्षानं शिक्षा भोगली तो रामगिरी म्हणजे आपलं रामटेकच, असं वा. वि. मिराशींसारख्या पंडितानं मांडून ठेवलंय. शिक्षा भोगायला याहून चांगली जागा कुठली?

प्रश्न फक्त कपड्यांचा होता. आमच्याकडचा आषाढ एका दिवसात तीन सोंगं काढतो. पहाटे गार वारा, दहाला ऊन आणि उकाडा, दुपारी कधीही धो धो. मुरलेले सायकलवाले अशा हवेत पातळ, अर्ध्या बाह्यांची, घाम चटकन वाळवणारी जर्सी घालतात. सोबत चढवता-उतरवता येणाऱ्या सुट्या बाह्या आणि घडी करून खिशात मावणारं बिनबाह्यांचं जाकीट. हे ज्ञान मला नंतर झालं. दुकानात मी एवढंच विचारलं, "सगळ्या हवेत चालेल असं एकच काही आहे का?"

"आहे ना भाऊ!" दुकानदारानं लांब बाह्यांची, आतून मऊ अस्तराची, पाणी न शिरणारी भडक केशरी जर्सी काढली. एक्सएल पोटाशी अडली. डबल एक्सएल पोटावर बसली, ती बसलीच. "टाइटच घालतात," तो म्हणाला. किंमत सांगत नाही. घरीही सांगितलेली नाही.

कामठीपर्यंत मी राजा होतो. टूर द फ्रान्समध्ये १९१९ साली पिवळी जर्सी आली, तेव्हा ती पहिल्यांदा घालणाऱ्या युजीन ख्रिस्तोफला लोक कॅनरी पक्षी म्हणून चिडवायचे म्हणे. मला कामठीत एक पोरगं ओरडलं, "ए संत्रा!" परंपरा मोठी आहे, असं समजून मी पुढे निघालो.

कन्हानचा पूल ओलांडला आणि ऊन पडलं. जे कापड पाण्याला आत येऊ देत नव्हतं, ते घामालाही बाहेर जाऊ देईना. बाह्यांमधून घाम मनगटापर्यंत उतरला आणि तिथल्या इलॅस्टिकपाशी थांबला. जर्सीची चेन उघडायला गेलो, तर ती चार बोटं उतरून अस्तरात अडकली. मनसरच्या टपरीवर चहावाल्यानं मला खालून वर न्याहाळलं. "काहून जी, ताप आहे का?"

मेघदूतातला यक्ष विरहानं इतका वाळला होता, की त्याच्या हातातलं सोन्याचं कडं गळून पडलं. माझ्या अंगावरून काहीही गळायला तयार नव्हतं.

रामटेकच्या गडाचा चढ मी सायकल ढकलत चढलो. वर वराहाची मोठी दगडी मूर्ती आहे. तिच्या पोटाखालून सरपटत पलीकडे गेलं की पाप धुतलं जातं, आणि पापी माणूस अडकतो, अशी समजूत. मी खाली शिरलो. जर्सीच्या पाठीला तीन खिसे असतात; माझ्या खिशांत पंप, जास्तीची ट्यूब आणि चार केळी होती. निम्मा पलीकडे गेलो आणि अडकलो.

मागे रांग. कुजबुज सुरू झाली. कुणीतरी विचारलं, "सरकारी नोकरीत आहे का हो?"

"पाप नाही बापा, केळी हायेत," मागची आजी म्हणाली आणि तिनं स्वतःच्या हातानं माझे खिसे रिकामे केले. समोरून दोघांनी कॉलर धरून ओढलं. मी सुटलो, चेनही वरपासून खालपर्यंत सुटली, कायमची. बाहेर आलो तर केळी एका वानरानं नेली होती.

कालिदास स्मारकापाशी पोचलो आणि मेघ आला. पाणी उघड्या छातीवरून आत शिरलं. जर्सीनं त्यातला एक थेंबही बाहेर जाऊ दिला नाही.

परत एसटीनं आलो. बायकोनं काही विचारलं नाही. पावसाळ्यात बाल्कनीतला कूलर झाकायचा होता, त्यावर तिनं ती जर्सी चढवली. अगदी मापात बसली.