डाव्या हाताने चाकू उघडण्याची शास्त्रोक्त पद्धत

साहित्य: घडीचा चाकू एक, कडक पेरू एक, डावा हात एक. उजवा हातही जवळ असू द्यावा, तो लागतो. आसपास शक्यतो कुणी नसावं. कारण लवकरच कळेल.

चाकू हातात घेण्याआधी तो कुणासाठी घडवलाय हे ओळखावं. मिटलेल्या पात्याच्या पाठीलगत एक छोटी खाच दिसते. तिच्यात नख अडकवून पातं बाहेर ओढायचं असतं. जुन्या पद्धतीच्या बहुतेक चाकूंना ही खाच एकाच अंगाला असते. चाकू डाव्या मुठीत धरला की उजव्या अंगठ्याचं नख समोरून तिच्यात बसावं, असा हिशेब. डावखुरा माणूस स्वभावाला जागून मुठी बदलतो, म्हणजे चाकू उजवीत आणि नख डावीचं, की खाच पलीकडच्या अंगाला जाते. मग तो चाचपडतो, चाकू उलटा करतो, सुलटा करतो, एक नख मोडून घेतो, आणि नेमका त्याच वेळी मागून आवाज येतो, "दे इकडे, तुला नाही जमायचं ते."

या विद्येतला सर्वांत मोठा धोका हाच. पात्याची धार दुय्यम. आमच्या घरातल्या चाकूने आजवर एकच माणूस कापला गेलाय, आणि ते म्हणजे मला मदत करायला धावलेले मामा. अर्धवट उघडलेलं पातं त्यांनी माझ्या हातातून ओढून घेतलं. बोटाला चिंधी बांधून घेताना ते म्हणाले, "अरे, सचिन तेंडुलकर सही डाव्या हाताने करतो, पण बॅट उजव्याच हाताने धरतो ना? मग तुला काय झालं?" बॅटला नखाची खाच नसते, हे उत्तर मला त्या वेळी सुचलं नाही. म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

आता मुख्य कृती. मुठी बदलूच नयेत.

उजव्या माणसांचा विधी एकदा नीट बघा. ते चाकू डाव्या हातात धरतात, उजव्या नखाने पातं ओढतात, आणि मग? चाकू उघडलाय, पण आहे डाव्या हातात. आता तो उजव्या हाताकडे सोपवायचा, पकड बसवायची, मग पेरूकडे वळायचं. आपण त्यांच्यासारखाच उघडायचा आणि तिथेच थांबायचं. चाकू डाव्या मुठीतच असतो, पकड जराशी फिरवली की काम सुरू. पिढ्यान्‌पिढ्या उजव्यांची सोय बघणाऱ्या कारागिरांनी नकळत आपली एक पायरी वाचवलीय. हे कुणाला सांगू नये, नाहीतर खाच पलीकडे नेतील.

हे गुपित दोन हातांनी उघडायच्या चाकूपुरतं. एका हाताने उघडणारे नवे चाकू आले आणि आपण पुन्हा मागे पडलो. त्यातल्या पुष्कळांना लायनर लॉक असतो. मुठीच्या आत धातूची पातळ पट्टी असते. पातं पूर्ण उघडलं की ती खट्‌ करून त्याच्या बुडाखाली सरकते. मिटताना उजव्या हाताचा अंगठा ती सहज बाजूला ढकलतो. डाव्या हाताच्या अंगठ्याला मात्र ती आपल्याकडे ओढावी लागते, नाहीतर तर्जनीने रेटावी लागते, आणि रेटणारी तर्जनी पात्याच्या वाटेतच उभी असते. इथे विनोद बाजूला ठेवून सांगतो: असा चाकू दोन्ही हातांनी मिटावा. एका हाताने मिटून दाखवण्यात टाळ्या मिळत नाहीत, टाके मिळतात.

दुकानात निवडायला वाव असेल तर दोन नावं लक्षात ठेवा. १९८१ मध्ये अमेरिकेतल्या स्पायडरको कंपनीने पात्याला आरपार गोल भोक पाडलं, अंगठा टेकवून उघडण्यासाठी. भोकाला डावं-उजवं नसतं. फ्रान्समधल्या सॅव्हॉय भागातल्या ओपिनेल चाकूला १९५५ पासून मुठीच्या टोकाशी फिरणारी कडी आहे, ती फिरवली की पातं जागच्या जागी. कडीलाही हाताशी घेणंदेणं नाही. नखाची खाच मात्र तिथेही एकाच अंगाला, म्हणजे आपलं गुपित तिथेही चालतं.

चाकू ठेवायचा कुठे, हा वेगळा प्रश्न. पुरुषांच्या शर्टाचा खिसा डाव्या छातीवर असतो, तोही उजवा हात सरळ पोचावा म्हणून. डाव्या हाताने त्यातून काही काढताना माणूस स्वतःचीच झडती घेतोय असं दिसतं. पँटचा डावा खिसा बरा.

धार्मिक बाजूही पाहू. आमच्या आत्याचा दंडक असा की नैवेद्याची फळं डाव्या हाताने चिरायची नाहीत. मी लहानपणी यावर वाद घालायचो. पुढे अक्कल आली. सत्यनारायणाच्या दिवशी सगळी भावंडं केळी सोलत, काप करत बसलेली असतात आणि मी थेट शिऱ्याच्या वेळी उगवतो. ज्यांना ही सवलत घरी उपलब्ध आहे त्यांनी ती सुधारणावादाच्या भरात गमावू नये.

शेवटी स्विस चाकू. १८९७ मध्ये कार्ल एल्सनर यांनी अधिकाऱ्यांसाठी जो चाकू काढला त्यात कॉर्कस्क्रू होता. तो घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवायचा. त्यांच्या व्हिक्टोरिनॉक्स कंपनीने पुढे डावखुऱ्यांसाठी वेगळा चाकूही काढला, त्यातला कॉर्कस्क्रू उलटा पिळलेला. हे लाड नव्हेत. तळहात आकाशाकडे वळवताना दंडातला बायसेप्स मदतीला येतो आणि पिळायला जास्त जोर मिळतो. उजव्या हाताने स्क्रू आवळताना मनगट नेमकं तसंच वळतं. डाव्या हाताने आवळताना ते जमिनीकडे वळतं आणि जोर कमी पडतो. पण स्क्रू सोडवायचा असेल तर हाच हिशेब उलटतो.

तेव्हा घरात एखादा स्क्रू गच्च बसला असेल आणि कुणाच्याच हाताने निघत नसेल, तर डावखुऱ्याला हाक मारा. नवा बसवायचा असेल तर मामांना सांगा.