डोंगरसायकल्या आणि एक जास्तीची गाय

जुन्नरहून पश्चिमेला आपटाळे, चावंड, पूर, घाटघर असं करत नाणेघाटाच्या तोंडाशी जाणारा तीसेक किलोमीटरचा चढउताराचा पट्टा आहे. पाऊस सरला की दर शनिवार-रविवारी या पट्ट्यात एक जमात हमखास दिसते. अंगाला चिकटलेली भडक जर्सी, बसायच्या जागी गादी शिवलेली चड्डी, पाठीवर पाण्याची पिशवी आणि तिच्यातून थेट ओठांपर्यंत आलेली नळी. या गृहस्थांना आपण डोंगरसायकल्या म्हणू. आठवडाभर ते पुण्यात किंवा ठाण्यात खुर्चीत बसून असतात आणि लिफ्ट बंद असेल तर तिसऱ्या मजल्यावर जायचं काम उद्यावर ढकलतात. शनिवारी पहाटे मात्र त्यांची सायकल मोटारीच्या टपावर चढते. पुण्यापासून जुन्नरपर्यंतचे नव्वदेक किलोमीटर सायकल आरामात येते, श्रम काय ते तिथून पुढं सुरू होतात. चावंडच्या अलीकडे चहाच्या टपरीवर एखादे आजोबा तिच्याकडे बराच वेळ बघतात आणि विचारतात, “काय पाव्हणं, केवढ्याची हाय?” डोंगरसायकल्या आधी फोर्क, मग डिस्क ब्रेक, मग ट्यूबलेस टायर असं सांगून किमतीचा विषय टाळायला बघतो. आजोबा टळत नाहीत. शेवटी आकडा बाहेर येतो, आणि तेवढ्यात बैलजोडी आली असती हे आजोबांच्या तोंडावर स्पष्ट उमटतं. अर्थात आजोबांना निदान खरा आकडा कळतो. घरी सांगितलेला आकडा याच्या निम्मा असतो.

या माणसावर इतिहासप्रेमी मंडळींचा एक जुना राग आहे आणि तो वरवर पाहता रास्त वाटतो. जुन्नरच्या आसपास दोनशेहून अधिक लेणी कोरलेली आहेत. तुळजा लेण्यातलं चैत्यगृह चक्क गोल आहे, मध्ये स्तूप आणि भोवती बारा खांब. असा घाट लेण्यांत फार क्वचित सापडतो. लेण्याद्रीला गिरिजात्मज आहे, शिवनेरी तर सगळ्यांनाच ठाऊक. पूरला कुकडीच्या उगमाजवळ कुकडेश्वराचं देऊळ आहे, शिलाहारांच्या काळातलं मानलं जाणारं, दगडावर दगड रचून उभं केलेलं. आणि या सगळ्यातून जाताना डोंगरसायकल्याची नजर कुठं असते? हॅंडलवर बसवलेल्या आगपेटीएवढ्या पडद्यावर. कुकडेश्वर त्याच्या लेखी ‘ते देऊळ गेलं की लगेच चढ लागतो ना, ते’. चावंड म्हणजे वळण, घाटघर म्हणजे पाणी भरून घ्यायची जागा. किती किलोमीटर झाले, किती मीटर चढलो, नाडी किती, सरासरी वेग किती, याखेरीज त्याच्या बोलण्यात दुसरं काही नसतं. दोन हजार वर्षांच्या वारशातून हा माणूस आकडे मोजत निघून जातो, असा आरोप आहे. आरोप शब्दशः खरा आहे. त्यावरून तो या जागेला परका आहे असा जो निष्कर्ष काढतात, तो मात्र मला साफ चुकीचा वाटतो. नाणेघाटाची वाट ज्यांनी वापरली, तिच्यावर पैसा ओतला आणि तिथं आपली नावं कोरून घेतली, त्यांना आजच्या येणाऱ्या-जाणाऱ्यांतला आपला माणूस कोण वाटला असता, असं विचाराल तर मी डोंगरसायकल्याकडे बोट दाखवीन.

पुरावा घाटातच आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांवरून येणारा माल या वाटेनं वर चढून जुन्नरला आणि पुढं पैठणकडे जायचा. घाटमाथ्याजवळ सातवाहनांनी एक लेणं खोदलं आणि त्याच्या भिंतींवर राणी नागनिकेचा म्हणून प्रसिद्ध असलेला ब्राह्मी लेख कोरला. दोन हजार वर्षं टिकावं म्हणून दगडात काय लिहावं? आपल्याला वाटतं, काहीतरी भारदस्त असेल, सह्याद्रीचं वर्णन असेल, निदान पुढच्या पिढ्यांना उपदेश तरी. सुरुवातीला देवांना वंदन आहे, राजघराण्याची थोरवी आहे, ते रीतीप्रमाणेच झालं. पण पुढं लेख जो सुटतो, तो हिशेबच आहे. अमका यज्ञ केला, दक्षिणा १७०० गाई, १० हत्ती. तमका केला, २४,४०० कार्षापण. भारतात अंक कसे लिहीत असत याच्या सर्वांत जुन्या पुराव्यांत या लेखाची गणना होते, आणि पंडित भगवानलाल इंद्रजींसारख्या संशोधकांनी त्यातल्या आकड्यांवर डोकं झिजवलं ते त्यासाठीच. आता यातली खरी गंमत बघा. एका यज्ञाची दक्षिणा १०,००१ गाई आहे. दुसऱ्याची ११०१. दहा हजार गाई दान करून वर एक गाय जास्तीची! लग्नाच्या आहेराच्या पाकिटात शंभरावर रुपयाचं नाणं चिकटवायची आपली रीत, तसंच हे. आणि आता संध्याकाळी जुन्नरच्या वाहनतळावर नजर टाका. डोंगरसायकल्या परत आलाय, पाय लटपटताहेत, पडद्यावर ५९.३ किलोमीटर दिसताहेत. तो थांबत नाही. उभ्या गाड्यांभोवती, उसाच्या रसाच्या गुऱ्हाळाभोवती गरगर फेऱ्या मारत राहतो, साठ पूर्ण होईपर्यंत. झाल्यावरही लगेच उतरत नाही. यंत्रानं नोंदीत काही मीटर खाल्ले तर काय, म्हणून आणखी एक फेरी घालतो. त्याच्या बायकोला हे वेड वाटतं. नागनिकेला वाटलं नसतं.

नाव लावण्याच्या हौसेचंही तेच. नाणेघाटाच्या त्याच लेण्यात सातवाहन घराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या आणि प्रत्येकीच्या डोक्यावर नाव कोरलेलं होतं. सिमुक, सातकर्णी, स्वतः नागनिका, आणखी काही. मूर्ती गेल्या. काहींच्या पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या, वरची नावं मात्र वाचता येतात. जुन्नरच्या लेण्यांत तर नावांची रांगच लागलेली आहे. इरिल नावाच्या यवनानं दोन पाण्याची टाकी दिली. चिट नावाच्या दुसऱ्या यवनानं भोजनमंडप दिला. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं सात खोल्यांचं लेणं आणि एक टाकं दिलं. कोण, कुठला, काय दिलं, संपलं. डोंगरसायकल्याची रविवार रात्रीची नोंद याच बेताची असते. नाव, मार्ग, अंतर, चढ, वेळ. एखाद्या ठरावीक चढावर सगळ्यांत कमी वेळ कुणाचा, याची यादी ॲपवर असते आणि तीत वरचं स्थान मिळवण्यासाठी चांगली चांगली माणसं घाटघरच्या चढावर डोळे पांढरे करतात. दुसऱ्या कुणी चार सेकंदांनी मागं टाकलं की त्या सायकल्याचा पुढचा आठवडा नासतो. श्रेणीतल्या व्यापाऱ्यांनी सात खोल्या दिल्यावर शेजारच्या श्रेणीनं काय म्हटलं असेल, याचा लेख सापडलेला नाही, पण अंदाज करायला हरकत नाही.

यावर कुणी म्हणेल, तुलना फसवी आहे. इरिलानं टाकी दिली, तहानलेल्याला पाणी मिळालं, त्याला पुण्य लाभलं. हा पठ्ठ्या काय देतो? आक्षेप वजनदार आहे, आणि टपरीवरच्या चहा-भज्यांचे पैसे पुढं करून तो उडवून लावता येणार नाही. डोंगरसायकल्या देत नाही, हे मान्य करायलाच हवं. स्वतःचं पाणी पाठीवर आणतो आणि स्वतःच पितो. पण या वाटेवरून गेलेल्यांत दाते किती आणि नुसते जाणारे किती, हाही विचार करा. बैलांवर माल लादून वर आलेल्या हजारोंपैकी बहुतेकांनी काहीच दिलं नाही, आणि त्यांतल्या फारच थोड्यांना नागनिकेचा लेख वाचता आला असेल. त्यांना ठाऊक होता तो चढ. कुठं बैल फेस गाळतो, कुठं सावली मिळते, कुठं थांबलं तर अंधाराच्या आत मुक्कामी पोचता येतं, हे त्यांना पायांनी कळत होतं. पाण्याची टाकी आणि विसाव्याची लेणी दिली गेली ती याच माहितीच्या आधारावर. ही माहिती आज कुणाकडे उरली आहे? इतिहासप्रेमी मोटारीतून घाटमाथ्यापर्यंत येतात, काच खाली करून पुरातत्त्व खात्याचा फलक वाचतात, आणि टाकं इथंच का खोदलं याचा प्रश्न त्यांना पडत नाही, कारण त्यांना तहान लागलेली नसते. डोंगरसायकल्याला सातवाहनांची वंशावळ विचारली तर तो गप्प बसेल. पण चढावर नळी सुकली की त्याचा घसा जिथं कोरडा पडतो, तिथंच टाकं आहे, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही.

एका बाबतीत मी त्याची वकिली करणार नाही. माथ्यावरच्या पठारांवर मातीचा थर बोटभर असतो, पावसाळ्यानंतर तिथं रानफुलं उगवतात, आणि त्यावरून आडवीतिडवी सायकल घालून चाकोरी पाडणारे महाभाग याच जमातीत आहेत. देवळाच्या दगडी पायऱ्यांवरून उडी मारून खाली उतरतानाचं चित्रीकरण करणारेही आहेत. त्यांना हाकलून लावावं हे बरं. तरीही लेण्यांच्या भिंतींवर बदामात बाण घालून दोन नावं खिळ्यानं कोरणाऱ्यांपुढं डोंगरसायकल्या गरीब गायच म्हणायचा. त्याला आपलं नाव दगडात नको असतं. दगडावर कुणाला ‘लाइक’ देता येत नाही.

ही सायकल मुळात इथली नव्हेच, असंही कुणी पुटपुटेल. खरं आहे. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत १९७० च्या दशकात काही उडाणटप्पूंनी जाड टायरांच्या जुन्या सायकली डोंगरावरून खाली सोडायला सुरुवात केली. १९७६ पासून तिथं शर्यत लागू लागली. उतारावर ब्रेक इतके तापत की आतलं ग्रीस जळून जाई आणि दर खेपेला ते नव्यानं भरावं लागे. म्हणजे हे वाहन जन्मलं ते उतरण्यासाठी. नाणेघाटानं मात्र त्याची पुरती फजिती केली आहे. माथ्यापर्यंत सायकल माणसाला आणते, आणि तिथून वैशाखऱ्याकडे दगडी फरसाची, पायऱ्यापायऱ्यांची जी नाळ उतरते, तिच्यात माणूस सायकलला खांद्यावर घेऊन चालू लागतो. घाटाच्या माथ्यावर तो भलामोठा दगडी रांजण अजून उभा आहे. जकातीचा पैसा त्यात टाकत असं सांगतात. ते खरं असेल तर तिथल्या जकातदारापुढं मोठाच पेच उभा राहिला असता. हा काय म्हणून नोंदवायचा, स्वार की हमाल? आणि खांद्यावरचं ते, वाहन की माल? वाद वाढून मागं बैलांची रांग लागली असती, आणि डोंगरसायकल्यानं तेवढ्यात घड्याळ थांबवून ठेवलं असतं, म्हणजे थांबलेला वेळ सरासरीत धरला जाऊ नये. जकात त्यानं निमूट भरलीही असती. पावती मात्र वेळ घालून मागितली असती.