ट्रकआजोबा

जुन्या डिझेल पिकअपची ताकद ‘अगदी थोडीशी’ वाढवायला निघालेला एक तरी गृहस्थ अमेरिकेतल्या प्रत्येक वस्तीत सापडतो. डेन्व्हरजवळच्या आमच्या गल्लीत हा मान ट्रकआजोबांचा. नाव आमच्या मुलांनी ठेवलेलं. सत्तरी उलटलेली, टोपीच्या कडेवर ग्रीसचा अंगठा कायमचा उमटलेला, आणि हात असे की हातात हात दिल्यावर आपण गुपचूप रुमाल शोधावा. त्यांच्याकडे १९९७ सालचा डॉज रॅम आहे. इंजिन कमिन्सचं, ५.९ लिटर, सहा सिलिंडर एका ओळीत. गिअर ऑटोमॅटिक. मागे ओढायला ९,००० पौंडांचा, म्हणजे चार टनांचा ट्रेलर. त्यात पलंग, शेगडी, न्हाणीघर आणि सुट्टीत नातवंडांचं सगळं बिऱ्हाड.

दुखणं त्या ऑटोमॅटिकमध्ये आहे. कंपनीने त्या काळी हेच इंजिन मॅन्युअल गिअरबरोबर २१५ अश्वशक्तीचं दिलं आणि ऑटोमॅटिकबरोबर १८०. गिअरबॉक्सला झेपावं म्हणून केलेली ती तजवीज. पण आजोबा हे कारण ऐकून घेत नाहीत. “माझे पस्तीस घोडे कोणीतरी तबेल्यात बांधून ठेवलेत,” म्हणतात, आणि ते सोडवायला दर शनिवारी सकाळी गॅरेजचं शटर वर करतात.

मी पुण्याचा, एवढ्यावर त्यांनी मला आपल्या गोटात ओढलं. भारताबद्दल त्यांना नेमकी एक गोष्ट माहीत आहे : पुण्यात कमिन्सचा कारखाना आहे. ती कंपनी किर्लोस्कर कमिन्स म्हणून १९६२ साली सुरू झाली, हे मी सांगितल्यावर तर माझा भाव फारच वाढला. “मग तुला यातलं कळायलाच हवं,” असं म्हणून त्यांनी माझ्या हातात बॅटरी दिली. मी आयुष्यभर हिशेबनिसाचं काम केलंय. पण बॅटरी धरायला मी बरा आहे, असं त्यांचं मत आहे.

आजोबांचं लाडकं वाक्य : “आता उघडलंच आहे तर…” याच्यापुढे काहीही येऊ शकतं. सुरुवात फुकटात झाली होती. डिझेलच्या पंपात एक छोटी पोलादी पट्टी असते, ती थोडी पुढे सरकवली की इंजिनला जास्त डिझेल मिळतं. पट्टी सरकली, घोडे सुटले आणि गल्लीत काळा धूर झाला. डिझेल जास्त, हवा कमी! आता उघडलंच आहे तर टर्बोचा दाब वाढवू. एक्झॉस्टचा पाइपही चार इंची घालू. मग एक्झॉस्ट किती तापतोय ते कळायला हवं, म्हणून काचेशेजारच्या खांबावर तीन मीटर बसले : एक टर्बोच्या दाबाचा, एक गिअरबॉक्सच्या तेलाचा आणि एक एक्झॉस्टच्या तापमानाचा. हा तिसरा १२५० फॅरनहाइटवर रेंगाळला की पिस्टनची काळजी. आजोबा गाडी चालवतात त्यापेक्षा जास्त हा मीटर वाचतात.

एवढी ताकद आल्यावर ती इंजिनकडून गिअरबॉक्सला पोचवणारा टॉर्क कन्व्हर्टर घसरायला लागला. इंजिन ओरडतंय, ट्रेलर जागचा हलत नाही, आणि सगळी वाढीव ताकद गिअरबॉक्सचं तेल तापवण्यात खर्च. मग मजबूत कन्व्हर्टर आला, तेलाचा दाब वाढवणारी व्हॉल्व्ह बॉडी आली, मोठा कूलर आला. फुकटातल्या पट्टीने आजोबांच्या खिशाला हजारोंचं भोक पाडलं.

तेल तपासण्याचा विधी बघण्यासारखा असतो. इंजिन चालू, गिअर न्यूट्रलमध्ये. “पार्कमध्ये नाही! या गाडीचं तेल पार्कमध्ये बघायचं नाही,” हे मला दर वेळी नव्याने सांगतात. मग डिपस्टिक काढून, मुरलेल्या लोणच्याची बरणी उघडावी तसे डोळे मिटून वास घेतात. तेल लालभडक आणि वास गोडसर असला की दिवस चांगला. करपट वास आला की त्या दिवशी कोणी बोलायचं नाही.

नव्या पाहुण्याला ते ‘किलर डॉवेल पिन’ची गोष्ट हमखास सांगतात. टायमिंग गिअरजवळची पेराएवढी पिन हादऱ्यांनी सैल होते आणि गिअरांत पडून अख्ख्या इंजिनाचा घात करू शकते. ती जागीच धरून ठेवायची पट्टी त्यांनी केव्हाच बसवली आहे. तरी गोष्ट सांगताना आवाज खाली येतो.

एवढं असून माणूस बेफिकीर नाही. ट्रेलर जोडला की ट्रकस्टॉपच्या काट्यावर वजन करून पावती फाइलला लावतात. “घोडे वाढले म्हणून ओझं वाढवायचं नाही. दारावरचा वजनाचा स्टिकर बदलत नाही.” डेन्व्हरहून पश्चिमेला निघालं की रस्ता आयझेनहॉवर बोगद्याकडे चढतो. बोगद्याची उंची ११,००० फुटांवर, कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. आजोबा उजव्या लेनमधून मीटरवर डोळा ठेवून चढतात आणि उतरताना त्याहून सावकाश. ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी कडेला खडीचे चढ बांधलेत, ते नातवंडांना दाखवतात. “चढणं ही हौस, उतरणं ही अक्कल.”

मध्यंतरी त्यांच्या मुलाने नवा रॅम घेतला. कमिन्सच, ४३० अश्वशक्ती, टॉर्क १,०७५ पौंड-फूट. आजोबांच्या ट्रकचा मुळातला टॉर्क ४२०. आणि नवा ट्रकही ऑटोमॅटिकच. मुलाने आग्रह करून चावी दिली. आजोबा ट्रेलर जोडून बोगद्यापर्यंत जाऊन आले. सगळी गल्ली अंगणात.

“कसा आहे?” मी विचारलं.

“उत्तम. चढ आहे हे कळलंसुद्धा नाही.” त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. “हाताला काही कामच नाही रे. शेवटी डोंगर बघत बसावं लागलं.”

“बघितलेत ना एकदाचे?” आजी पायरीवरून म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून : “शनिवारी बॅटरी घेऊन ये. हेड स्टडचं पार्सल आलंय.”