'३०४'च्या स्टिकरवाल्या महोदयांस

प्रति,
सिंकवर '३०४'चा स्टिकर चिकटवणारे अज्ञात महोदय
(पत्ता: स्टिकरवर दिलेला नाही)

विषय: आपल्या हस्तकलेबद्दल आभार.



आपली प्रत्यक्ष ओळख नाही. आपले नाव ठाऊक नाही, कारखाना ठाऊक नाही. ओळख आहे ती आपल्या लहानशा, गोल, चंदेरी स्टिकरशी. त्यावर ठळक अक्षरांत '३०४' आणि खाली 'आजीवन गंजमुक्त'. संग्रामपूर तालुक्यातल्या आमच्या ओट्यात बसवलेला आपला सिंक पहिला पावसाळा लागण्याआधीच तपकिरी ठिपक्यांनी भरला. स्टिकर मात्र अजून टवटवीत आहे. त्यावर ना डाग, ना ओरखडा, कडासुद्धा सुटलेली नाही. तेव्हा नम्र सूचना अशी, की यापुढे सगळा सिंकच आपण त्या स्टिकरच्या कागदाचा करावा.

तक्रार घेऊन दुकानात गेले, तर दुकानदाराने मान वर न करता सांगितले, "काकू, इथलं पानीच तसं हाये. सिंक काय करन?" हे वाक्य त्याला आपणच पढवले असणार. म्हणून अभिनंदनही आपलेच. कारण आरोपी आपण फार विचार करून निवडला आहे.

पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरला आहे. आमच्या जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव भागातल्या कित्येक गावांत बोअरचे पाणी तोंडात धरवत नाही, साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ शिजता शिजत नाही. वान धरणावरच्या १४० गावांच्या योजनेचे गोड पाणी आले की ते आधी पिण्यासाठी भरून ठेवायचे आणि भांडी घासायला बोअर, अशी घरोघरची वाटणी आहे. पाण्यावर खापर फोडायची आम्हाला इतकी सवय, की जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले, तेव्हा पहिला संशय पाण्यावरच गेला. पुढे बोट सेलेनियमकडे आणि रेशनच्या गव्हाकडे वळले. असा बारमाही आरोपी गावात हजर असताना आपल्याला कोण पकडणार?

पाण्याची बाजू घेण्याचा माझा विचार नाही. त्याचा गुन्हा मला मान्य आहे आणि तो कसा घडतो हेही ठाऊक आहे. १९१३ साली शेफिल्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली यांनी बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून खटपट करताना सुमारे १३ टक्के क्रोमियम घातलेले पोलाद ओतले आणि न गंजणारे पोलाद हाती आले. त्याला स्टिकर नव्हता, तरी ते चालले. क्रोमियम ऑक्सिजनशी संयोग पावून पृष्ठभागावर काही नॅनोमीटर जाडीचा थर धरते. ओरखडा पडला तरी हवा लागताच तो थर पुन्हा धरतो. त्याचा मोठा वैरी म्हणजे मिठातले क्लोराइड. ते थराला बारीक भोक पाडते आणि तिथूनच आत खणत जाते. वरून दिसतो टाचणीच्या टोकाएवढा ठिपका, खाली असतो खड्डा.

खरा ३०४ आला असता, म्हणजे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेला, तरी आमच्या पाण्यापुढे त्याची कसोटीच होती. सतत पाण्यात राहणाऱ्या पोलादासाठी लिटरमागे साधारण २०० मिलीग्रॅम क्लोराइडपर्यंत ३०४ आणि त्यापुढे २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम घातलेले ३१६, असा या धंद्यातला ढोबळ संकेत आहे. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक मात्र २५० पर्यंत समाधानी असते आणि दुसरा स्रोतच नसेल तर १००० पर्यंत डोळेझाक करते. म्हणजे जे पाणी माणसाने नाइलाजाने प्यावे, ते पोलादाला सोसत नाही. इकडे मूत्रपिंडाच्या आजारांची ओरड वर्षानुवर्षे आहे, पण माणसाच्या पाठीवर 'आजीवन गंजमुक्त' असे चिकटवायला अजून तरी कुणी आलेले नाही. तेवढी बाजारपेठ आपल्याला मोकळी आहे.

पण महोदय, पाणी लपवाछपवी करत नाही. जिभेवर ठेवले की सांगते, प्रयोगशाळेत नमुना दिला की आकड्यांत सांगते. खारे पाणी 'मी गोड आहे' असा स्टिकर लावून बोअरमधून वर येत नाही. हा फरक आपल्या ध्यानात यावा म्हणून हा पत्रप्रपंच.

आता आपल्या चुंबकाविषयी. दुकानात खिशातून चुंबक काढून सिंकला लावायचे, ते घसरून खाली पडले की विजयी मुद्रेने म्हणायचे, "पाहा, चिकटत नाही, अस्सल माल!" हा प्रयोग सुंदर आहे आणि निरुपयोगी आहे. चुंबक ४०० मालिकेतले स्वस्त पोलाद पकडते. २०० मालिकेतले, म्हणजे २०१, २०२ आणि त्यांची आणखी स्वस्त भावंडे, त्यांना मात्र ते चिकटत नाही. निकेल महाग, म्हणून ते कमी करून तिथे मँगनीज घालतात, आणि चुंबकाला दूर ठेवण्यापुरते काम मँगनीज इमानाने करते. उलट खऱ्या ३०४ चा सिंक दाबून घडवताना त्याच्या कोपऱ्यांत थोडे चुंबकत्व येऊ शकते. म्हणजे आपल्या परीक्षेत खरा नापास व्हायचा आणि तोतया पहिल्या वर्गात उत्तीर्ण! असे परीक्षक आमच्या जिल्ह्यात शिक्षण खात्याबाहेरही आहेत, हे पाहून भरून आले.

२०२ ला मी चोर म्हणत नाही. १९५० च्या दशकात कोरियन युद्धाच्या सुमारास निकेलची टंचाई पडली, तेव्हा गरजेपोटी ही मालिका पुढे आली. पिठाचा डबा, ताट, कोरडे ठेवायचे भांडे यांना ती ठीक आहे. पण निकेल १ टक्क्याच्या आसपास आणले की क्रोमियमही घसरते, आणि असा पत्रा घेऊन तो नेमका खारपाणपट्ट्यात, रात्रंदिवस ओला राहणाऱ्या जागी बसवायचा, वर नाव दुसऱ्याचे लावायचे, हे कसब पूर्णपणे आपले. '२०२' असे लिहून निम्म्या भावात दिला असता, तर आम्ही विचार करून घेतला असता किंवा सोडला असता. तो विचार करण्याची तसदी आपण आम्हाला पडू दिली नाही.

आपण कधी खामगावला गेला असाल, तर तिथला चांदीचा बाजार पाहिला असेल. तिथे पैंजण घ्यायला गेलेली बाईसुद्धा चांदी किती टक्क्याची हे आधी विचारते, कस पाहते, मग भाव करते. त्याच जिल्ह्यात आम्ही हजारो रुपयांचे पोलाद कागदाचा तुकडा वाचून घेतो. खरे तर पोलादाचाही कस पाहता येतो. २०० मालिका ओळखणारे रसायन बाजारात मिळते. त्याचा थेंब टाकून वर लहान बॅटरी टेकवली की मँगनीजवाल्या पत्र्यावर लालसर रंग उमटतो. मोठ्या भंगारवाल्यांकडे तर पत्र्यावर रोखताच क्रोमियम, निकेल किती ते सांगणारे यंत्र असते. भंगारात जाताना मालाची जात तपासायची आणि घरात आणताना तपासायची नाही, ही रीत आपल्याला फार सोयीची आहे.

जाडीच्या बाबतीतही आपण भाषाप्रभू आहात. "हा बावीस गेजचा आहे ताई, तो नुसता अठराचा!" हे ऐकून कुणालाही बावीस मोठा वाटेल. गेज वाढला की पत्रा पातळ होतो, हे सांगायचे तेवढे राहून जाते. १८ गेज म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर, २० म्हणजे ०.९ आणि २२ म्हणजे ०.७ च्या आसपास. भाकरीचा जड तवा, पाहुण्यांच्या पंगतीची पातेली, वर्षाच्या लोणच्याची बरणी या सगळ्यांना १ मिलिमीटरच्या वरचा पत्रा हवा, ८-९ इंच खोली हवी आणि तळाखाली आवाज गिळणारा रबरी पट्टा हवा. आपल्या सिंकमध्ये चमचा पडला तर शेजारची म्हातारी विचारते, "काय पडलं वं?" घरगुती स्टीलच्या सिंकसाठी आय.एस. १३९८३ नावाचे भारतीय मानकही आहे. ते आपल्या स्टिकरवर मावले नसावे.

आपल्या साथीदारांना मी विसरलेले नाही. सिंक आधी बसवून मग टाइलवरचे सिमेंटचे डाग काढायला ॲसिड ओतणारा गवंडी आपला पहिला हितचिंतक. ते ॲसिड हायड्रोक्लोरिक, म्हणजे क्लोराइडच. सिंकमध्ये सांडायचीही गरज नाही, बंद स्वयंपाकघरात त्याची वाफ पुरते. दुसरा, कडेला सिलिकॉनऐवजी पांढरे सिमेंट भरणारा प्लंबर. ते सिमेंट तडकते, फटीतून पाणी ओट्याखाली झिरपते आणि तिथे साचून राहते. खाली पाणी अडवणारा ट्रॅप न लावता पाइप सरळ नालीत सोडला, की वास आणि झुरळे थेट वर येतात. एवढी टोळी उभी राहिल्यावर एकटे पाणी कुठे पुरे पडणार?

सिंकसोबत काळजी घेण्याचे माहितीपत्रक देण्याची आपल्याकडे पद्धत नाही. तेव्हा आपल्या वतीने मीच लिहून टाकते, मानधन नको. रात्री भांडी झाली की सिंक गोड पाण्याने विसळून कोरड्या फडक्याने पुसावा. थेंब वाळतो तेव्हा पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते, म्हणून साधा खारट थेंब वाळता वाळता कडक खारट होतो. लोणच्याचा खार, पापडखार, ब्लीचिंग पावडर सांडली की लगेच धुवावी. ओला लोखंडी तवा रात्रभर आत ठेवू नये. लोखंडी तारेच्या घासणीने घासू नये, तिचे कण रुततात आणि गंजतात. पांढरे क्षार चढले तर लिंबू किंवा व्हिनेगर लावून, पॉलिशच्या रेघांच्या दिशेने मऊ घासणी फिरवावी आणि धुऊन पुसावे. हे सगळे केले तर खरा ३०४ आमच्या पाण्यातही वर्षानुवर्षे टिकतो. आपला सिंक एवढे करूनही का गंजला, हे मात्र माहितीपत्रकात बसत नाही.

म्हणून आता आपल्याकडे एकच मागणी. स्टिकर खुशाल लावा, दोन लावा, हवे तर सोनेरी लावा. पण आमच्या तालुक्यात जो कुणी सिंक घेईल, त्याला दुकानदाराने पक्क्या बिलावर पोलादाची जात आणि मिलिमीटरमध्ये जाडी लिहून द्यावी, एवढी व्यवस्था करा. आपल्या मालाच्या गुणांविषयी आपली खात्री आहेच, तेव्हा शाईला काय घाबरायचे? जो दुकानदार तोंडाने ३०४ सांगतो आणि बिलावर नुसते 'सिंक, नग १' असे लिहितो, त्याच्या दुकानातून पैसे न काढता बाहेर पडावे, असे मी या पत्राद्वारे वाचकांना सुचवत आहे. ज्यांच्याकडे असे बिल असेल, त्यांच्यासाठी २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, १९१५ ही मदत क्रमांकाची सोय आहे आणि बुलढाण्याला जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्कही लागत नाही. आपल्या सिंकची किंमत पाहता आपण निःशुल्क गटात आरामात बसता.

पत्राच्या शेवटी 'लोभ असावा' असे लिहायची पद्धत आहे. आपल्या बाबतीत ती विनंती करावी लागू नये. बिल तेवढे लिहून द्या.

कळावे,
खारपाणपट्ट्यातली एक गिऱ्हाईक