आत्याबाईंची गुलाबी शेती

"मेधा, अगं ए मेधा! ये जरा भिंतीपाशी. तुमच्या मागच्या खोलीत संध्याकाळी ते गुलाबी काय पेटतं गं? समोरच्या टॉवरमधली पाचव्या मजल्यावरची बाई परवा मला विचारत होती, तुमच्या शेजारी पार्लर काढलंय का म्हणून."

"पार्लर परवडलं असतं, काकू! चार पैसे तरी आले असते. आत्याबाईंची शेती आहे ती."

"शेती? खोलीत?"

"मग कुठे करतील? तो टॉवर उभा राहिल्यापासून गच्चीवरचं सकाळचं ऊन गेलंच की. तुळस बघितलीत ना आमची? नुसती उंच, फिकट, काडीसारखी. उजेड शोधत वर जात राहते बिचारी. त्या बाईंच्याच इमारतीची सावली आमच्या मेथीवर, आणि वर पार्लर म्हणे!"

"मला तर वाण्याकडे कुणीतरी म्हणालं, असल्या दिव्याखाली गांजा लावतात."

"आत्याबाईंनी ऐकलं तर त्या वाण्यालाच घरी आणून रोपांची पेटी दाखवतील. मेथी आहे, पुदिना आहे, मिरचीची रोपं आहेत. कोथिंबीर आत्ताच उगवलीये."

"आणि दिवा कुठून आणला? महाग असतो म्हणे."

"आणतील कशाला? पस्तीस वर्षं टीव्हीच्या कारखान्यात डाग दिलेत त्यांनी. हातात अजून सोल्डरिंगची सळई दिली की चष्मा न लावता काम करतात. ते २०१५ सालचे सरकारच्या उजाला योजनेतले एलईडी बल्ब आठवतात? मग सगळ्या गल्लीनं घरोघर एलईडी लावले, छताला पॅनेल बसवली. आता ती पॅनेल एकेक करून जायला लागलीत. लोक कचऱ्यात टाकतात आणि आत्याबाई पिशवी घेऊन मागे."

"अय्या, म्हणजे परवा आमच्या डब्यापाशी त्याच होत्या?"

"त्याच. जाऊ दे, आता कळलंच आहे तर ऐका. पॅनेल गेलं म्हणजे सगळं गेलं असं नसतं. आत बारीक बारीक चिपा एकामागे एक जोडलेल्या असतात. एक जळली, तिच्यावर काळा ठिपका आला, की पुढची वाटच बंद. बाकीच्या धडधाकट असून अंधारात. आणि विजेला आवर घालणारा जो डबा, ड्रायव्हर, तो पुष्कळदा ठणठणीत असतो. आत्याबाईंना हवा असतो तो."

"मग लावायचा कुठल्याही दिव्याला."

"तिथेच तर सगळी मेख आहे! ड्रायव्हरच्या पाठीवरचं लेबल वाचायचं. आमच्या हॉलमधलं जुनं पॅनेल गेलं, त्याच्या ड्रायव्हरवर लिहिलंय, ३०० मिलिअँपिअर, ४० ते ६५ व्होल्ट. म्हणजे तो करंट ३०० च देणार, व्होल्टेज मात्र चिपांच्या गरजेप्रमाणे ४० पासून ६५ पर्यंत वरखाली करणार. मग चिपा मोजून लावायच्या. पांढऱ्या चिपेला साधारण ३ व्होल्ट लागतात, लाल चिपेला २ च्या आसपास. आत्याबाईंनी १४ पांढऱ्या आणि ६ लाल घेतल्या. १४ त्रिक ४२, ६ दुणे १२, झाले ५४. बसलं की नाही मधोमध?"

"तू पण पाठ केलंस की गं."

"रोज जेवताना तेच ऐकते, काकू. भाजीत मीठ कमी आहे हे सांगायच्या आधी व्होल्टेज सांगतात."

"चिपाही कचऱ्यातल्याच?"

"नाही, त्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून आणल्या. एक वॉटच्या. लाल हव्यात तर ६६० नॅनोमीटरच्याच द्या म्हणून दुकानदाराच्या डोक्याला ताप. तो म्हणाला, आजी, लाल ती लाल. आत्याबाई म्हणाल्या, तुला लाल, झाडाला नाही."

"पण मला सांग, नुसत्या पांढऱ्यानं नसतं चाललं?"

"चाललं असतं की. पांढरी चिप आतून निळीच असते, वर पिवळा लेप दिलेला. निळा आधीच आहे त्यात, हिरवा-पिवळाही. झाडाला मुख्यतः निळा आणि लाल लागतो, म्हणून लाल वरून घातला. त्याचंच ते गुलाबी. निळी एलईडी शोधली म्हणून तिघांना २०१४ सालचं नोबेल मिळालं, अकासाकी, अमानो आणि नाकामुरा. ही नावंही आमच्याकडे जेवताना येतात."

"बाई गं! आणि एवढं उघडं वायरिंग, शॉक नाही लागत?"

"त्याचीच मला धास्ती होती. पण त्या बाबतीत आत्याबाई फार कडक. साध्या बल्बातला ड्रायव्हर त्या हातातच धरत नाहीत. बहुतेक बल्बांत म्हणे घरच्या २३० व्होल्टांचा संबंध थेट चिपांपर्यंत असतो. वर प्लॅस्टिकचं टोपण असतं म्हणून आपण वाचतो. ते काढून चिपा उघड्यावर लावल्या आणि पाणी घालताना ओला हात लागला, की संपलंच. छोटा ट्रान्सफॉर्मर असलेला, आतली बाजू बाहेरच्या बाजूपासून तोडलेली, असाच ड्रायव्हर घ्यायचा. पॅनेलचेही काही फसवे निघतात, म्हणून प्रत्येक उघडून बघतात. वर अॅल्युमिनिअमच्या पट्टीला अर्थिंग जोडलंय ते वेगळंच."

"पट्टी कसली?"

"शेजारचा बंगला पाडला ना, त्याच्या सरकत्या खिडकीची. एलईडी गरम होत नाही हे साफ खोटं हो, काकू. समोरून गार वाटते, पाठ तापते. ती उष्णता ओढून घ्यायला अॅल्युमिनिअम, मध्ये उष्णता पुढे नेणारी पांढरी पेस्ट. नाहीतर चिपा लवकर मरतात. आणि चालू ड्रायव्हरला चिपा जोडायच्या नाहीत. रिकामा असला की तो व्होल्टेज वर चढवून बसतो, जोडल्याक्षणी चिपांवर ओततो. आधी जोडणी, मग बटण. माझ्या नवऱ्याला तर त्या बटणालाच हात लावू देत नाहीत."

"बरं केलं. पण बिल, मेधा? दिवसभर दिवा म्हणजे?"

"दिवसभर नाही, १२ तास. १६ वॉटच्या आसपास जातात. महिन्याला सहा-साडेसहा युनिट. तुमच्या गीझरला हसू येईल."

"रात्रभर ठेवला तर जोमानं वाढेल की."

"कोथिंबिरीला नाही चालत. उजेड जास्त तास मिळाला की तिला वाटतं दिवस मोठे झाले, आणि पानं सोडून फुलावर येते. शेवंतीचं उलट. तिला मोठी रात्र लागते फुलायला. म्हणून शेवंतीवाले शेतकरी रात्री शेतात दिवे लावतात, फुलं पुढे ढकलून सणाच्या भावाला काढायला. आत्याबाईंचं मात्र टायमरवर. सकाळी सातला चालू, संध्याकाळी सातला बंद. रोपांपासून वीतभर वर टांगलाय. लांब नेला की उजेड झपाट्यानं कमी होतो."

"मग आता टोमॅटोही लावा म्हणावं."

"ते नाही जमायचं. १६ वॉटात पालेभाजी होते, रोपं होतात. फळाला ऊन लागतं, नाहीतर याच्या कैक पट उजेड. हे आत्याबाई स्वतःच सांगतात, उगाच फुशारकी नाही. मी मात्र सोसायटीतल्या बायकांना सांगताना टोमॅटो सांगितला तर तुम्ही सांभाळून घ्या."

"आमच्या माळ्यावर आहेत गं गेलेले बल्ब, एक पिशवी भरून. आणि बेडरूममधलं पॅनेल महिनाभर लुकलुकतंय. ते पण ने."

"लुकलुकतंय? मग बहुतेक ड्रायव्हरच गेलाय, आतला कपॅसिटर फुगला असेल. चिपा चांगल्या निघतील त्याच्या. आत्याबाई तपासून सांगतील. बल्ब राहू देत."

"मग दुपारी नवऱ्याला शिडी घेऊन पाठव. आमचे हे झोपलेले असतात तेव्हाच उतरवून न्या. जागे झाले की म्हणतील, चालतंय की अजून, कशाला काढता."